हॅवलॉकला अडकलेलं मंडळ

नागपूरच्या एका हरिपाठ मंडळाची सतरा माणसं डिसेंबर २०१६ च्या पहिल्या आठवड्यात अंदमानच्या हॅवलॉक बेटावर अडकली. बोटी बंद, फोन बंद, एटीएम बंद. बंगालच्या उपसागरात तयार झालेल्या कमी दाबाच्या पट्ट्याचं पुढे वरदा चक्रीवादळ झालं आणि ते १२ डिसेंबरला चेन्नईजवळ किनाऱ्यावर आदळलं. त्याआधी अंदमानात दिवसरात्र पाऊस आणि वारा होता. हॅवलॉक आणि नील या दोन बेटांवर अडकलेल्या दोन हजारांहून अधिक पर्यटकांना नौदल आणि तटरक्षक दलानं ९ डिसेंबरपर्यंत पोर्ट ब्लेअरला आणलं. त्यात हे सतराही जण होते. कुणाला ओरखडाही आला नाही.

म्हणजे "देवानं तारलं" या एका ओळीत हे प्रकरण मिटवता येतं, आणि मंडळात बरेच दिवस ते तसंच सांगितलं जायचं. पण त्या चार दिवसांत देवावरच्या भरवशाच्या नावाखाली निरनिराळ्या गोष्टी घडल्या. एकीपायी एका मावशींच्या जिवावर बेतलं असतं. एकीपायी पाच-सहा जण खवळलेल्या समुद्रात होडी घालून निघाले असते. आणि तिसरीमुळे बाकीचे सगळे आपापल्या जागी शहाण्यासारखे बसून राहिले. या साऱ्यांना एकच नाव देणं मला पटत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

मी त्यांच्यासोबत नव्हतो. परतल्यावर त्यांच्याशी आणि नागपुरात मागे राहिलेल्या घरच्यांशी वेगवेगळं बोललो. नावं गाळली आहेत, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. यात्रेला निघणाऱ्या मंडळांच्या बैठकीत हे प्रकरण मी सांगतो, तेव्हा प्रत्येक वेळी कुणीतरी रागावतं. तेही साहजिकच आहे.

माणसं आणि बेत

बहुतेक जण निवृत्त. कुणी वीज मंडळातून, कुणी बँकेतून, दोघं शिक्षक. मंडळाचे म्होरके म्हणजे मोठे काका. शेगावची वारी कधी न चुकवलेले, गजानन महाराजांच्या पोथीची पारायणं करणारे, शब्दाला पक्के. त्यांच्या धाकट्या भावाची बायको, म्हणजे मंडळाच्या वहिनी, माहेरच्या मालवणकडच्या. लग्न होऊन नागपुरात आल्याला चाळीस वर्षं झाली, तरी मासे कुठले ताजे हे अजून त्याच सांगतात. बँकेतल्या मावशींना मधुमेह, रोज इन्सुलिन. आणि एक ख्रिस्ती सर, हिस्लॉप कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले, काकांचे जुने शेजारी. हरिपाठाला ते मागे बसायचे, टाळ मात्र मनापासून वाजवायचे. सगळ्यांची तिकिटं, खोल्या, जेवणं बघणारा तिशीतला पोरगा होता. त्याला सगळे 'बाळ' म्हणत आणि दर दोन तासांनी त्याच्यावर चिडत.

बेत सरळ होता. रेल्वेनं चेन्नई, तिथून विमानानं पोर्ट ब्लेअर. सेल्युलर जेल बघायचं, सावरकरांच्या कोठडीपुढे उभं राहायचं. मराठी माणसाची अंदमानची सहल त्याच्यासाठीच असते. मग बोटीनं हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप. तिथे दोन रात्री राहून ६ डिसेंबरच्या सकाळी परत, ७ ला विमान, पुन्हा चेन्नई, पुन्हा रेल्वे. काकांच्या नातीचा साखरपुडा ११ डिसेंबरला होता. मुहूर्त काकांनीच काढून दिला होता.

बेतात एकही मोकळा दिवस नव्हता. नागपूरच्या माणसाला हे खटकत नाही. आपलं पाणी म्हणजे अंबाझरी आणि फुटाळा तलाव. गाडी उशिरा येईल, पण येईल, या हिशोबानं आपण प्रवास आखतो. वहिनींनी जाण्याआधी एकदा विचारलं होतं म्हणे, "बोटीचा एक दिवस मागे-पुढे धरलाय ना?" बाळ म्हणाला, सीझन आहे, समुद्र शांत असतो. नोव्हेंबर ते एप्रिल हा तिथला पर्यटनाचा हंगाम, हे खरंच. पण बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा एक मोठा हंगाम ऑक्टोबर ते डिसेंबर असतो, हेही तितकंच खरं, आणि सहलीच्या पत्रकात ते कुणी छापत नाही.

चार दिवस

५ तारखेला पाऊस लागला तो थांबेना. त्याच रात्री उशिरा चेन्नईत जयललिता गेल्या. ६ ला सकाळी मंडळी सामान बांधून जेट्टीवर गेली, तर बोटी रद्द. बेटावर मोबाइलची रेंज मुळातच तुटपुंजी. अंदमानला समुद्राखालून केबल आली ती २०२० साली, तोवर सगळा संपर्क उपग्रहावरून चाले. वादळात तोही गेला. वीज येत-जात होती. नोटाबंदीला महिना होत आला होता. जुन्या पाचशेच्या नोटा कुणी घेईना, नव्या मिळेनात, आणि नेटवर्क नसल्यानं कार्ड चालेना. सतरा जणांच्या खिशात मिळून जी रोकड निघाली ती बाळनं वहीत लिहून घेतली.

लॉजचा मालक बंगाली. हॅवलॉकवर वस्ती मुख्यतः पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासित कुटुंबांची आहे. फाळणीनंतर सरकारनं त्यांना तिथे वसवलं. त्यानं सांगितलं, जेवा, राहा, पैसे नागपूरला गेल्यावर पाठवा. ना ओळख, ना पाळख. भात, डाळ, बटाटा आणि मासळी. माळकऱ्यांसाठी मासळी वगळून.

पहिल्या दिवशी सगळे उत्साहात होते. देवाची इच्छा, एक मुक्काम वाढला. दुसऱ्या दिवशी, म्हणजे ७ ला, ज्या विमानाची तिकिटं होती ते विमान त्यांच्याशिवाय निघून जाणार हे लक्षात आलं, आणि मंडळाचे दोन तट पडले.

काकांना कुठूनसं कळलं की एक होडीवाला माणशी पैसे घेऊन पोर्ट ब्लेअरला न्यायला तयार आहे. अंतर सुमारे ४० किलोमीटर, सगळं उघड्या समुद्रातून. काका म्हणाले, "महाराज पाहून घेतील ना, काहून घाबरता? नर्मदेत नाव फुटली होती तवा कोणी धरली?" विदर्भात या वाक्याचं स्पष्टीकरण द्यावं लागत नाही. ओंकारेश्वराहून परतताना महाराज आणि त्यांचे भक्त बसलेल्या नावेला भोक पडलं, आणि नर्मदेनं कोळिणीच्या रूपात येऊन हात लावून ते धरून ठेवलं, ही गोष्ट शेगावला जाणाऱ्या घराघरात पाठ असते. पाच-सहा जण काकांच्या बाजूनं उठलेसुद्धा. कुणी बॅगा उचलल्या.

तेव्हा वहिनी बोलल्या. भावजय मोठ्या दिरासमोर असं बोलते याचंच बाकीच्यांना जास्त आश्चर्य वाटलं. "भाऊजी, आमच्याकडे दर्याला देव मानतात, म्हणूनच पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. सरकारची बंदी उठली तरी नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय जुनी माणसं होडी लोटत नाहीत. घरात चूल थंड असली तरी नाही. तो भरवसा नाही तर काय आहे?"

माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं बोलणं हेच. समुद्रावर पोट असलेल्या माणसांची श्रद्धा आणि सहलीला आलेल्या माणसाची श्रद्धा यांत एक फरक आहे. कोळ्याच्या श्रद्धेत थांबण्याला जागा असते, त्याला तिथी असते, विधी असतो. आपली श्रद्धा बहुधा निघण्यासाठी असते: गाडीपुढे नारळ फोडायचा, लिंबू ठेवायचं आणि निघायचं. न निघण्याचा विधी आपल्याकडे नाही. त्यामुळे थांबावं लागलं की आपल्याला ते देवानं हात सोडल्यासारखं वाटतं, नाहीतर देवाला कामाला लावायची वेळ आल्यासारखं.

काका ऐकेनात. मग सर बोलले. त्यांनी वाद घातला नाही, पोथीच काढली. पोथी काकांनीच आणलेली, पिशवीत लाल कापडात बांधलेली. सर म्हणाले, तो अध्याय वाचा ना, सगळ्यांना ऐकू द्या. मेणबत्तीच्या उजेडात चौदावा अध्याय वाचला गेला. इतक्या वर्षांत डोळ्यांखालून गेलेली पण लक्षात न राहिलेली गोष्ट त्यात होती. सोमवती अमावास्येला नर्मदेवर जायचा हट्ट भक्तांचा. महाराजांनी आधी नकारच दिला होता. नर्मदा इथे विहिरीतच आहे, मी इथेच स्नान करीन, असं म्हणाले होते. भक्तांनी फारच गळ घातली तेव्हा ते निघाले, आणि काही झालं तर मला बोल लावू नका, हेही बजावून निघाले. परतताना नावेत बसले तेही रस्त्यावर गर्दी फार म्हणून, लवकर पोचायला.

वाचून झाल्यावर कुणी काही बोललं नाही म्हणतात. काकांनी पोथी बांधली आणि म्हणाले, "पण तारलं ना शेवटी."

हे उत्तर सोपं नाही, त्याला हसून चालणार नाही. काकांचं म्हणणं असं की हट्ट चुकीचा होता हे मान्य, पण हट्टी भक्तालाही देव सोडत नाही. सरांनी त्यावर आपल्याकडची गोष्ट सांगितली. बायबलातल्या पौलाला, येशूचा प्रचार करणाऱ्या संताला, कैदी म्हणून रोमला नेत होते. हिवाळ्याच्या तोंडावर त्यानं सांगितलं की आता पुढे जाऊ नका, क्रीट बेटावरच थांबा. तांडेल आणि जहाजाचा मालक म्हणाले, जाऊ. वादळ आलं, जहाजावर २७६ माणसं, चौदा रात्री हेलकावे. त्यात खलाशांनी नांगर टाकायचं निमित्त करून लहान होडी हळूच खाली सोडली, आपण तेवढे निसटावं म्हणून. पौलानं शिपायांना सांगितलं, ही माणसं जहाजावर राहिली नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. शिपायांनी दोर कापून होडी सोडून दिली. मग पौलानं सगळ्यांना आग्रहानं जेवायला लावलं. जहाज फुटलं, माणसं सगळी माल्टाला लागली. आणि गंमत म्हणजे एकही जीव जाणार नाही हे पौलाला देवदूतानं आधीच सांगितलेलं होतं. तरी दोर कापायचा तो कापावाच लागला.

"तुमच्यातही होडीच का?" असं कुणीतरी विचारलं आणि त्या दिवसात पहिल्यांदा सगळे हसले.

सर पुढे जे बोलले ते मला त्यांच्याकडून नाही, बाळकडून कळलं. कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये स्कॉटलंडहून समुद्र ओलांडून नागपुरात आले. दगड-खडकांचा अभ्यास करत विदर्भ पालथा घातला. आणि ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परत येताना बोरीजवळ पूर आलेल्या नाल्यात बुडून गेले. समुद्रानं सोडलं, नाल्यानं नेलं. सर म्हणाले, त्यांची श्रद्धा कमी होती असं म्हणायची माझी हिंमत नाही, म्हणून वाचलेल्याची श्रद्धा जास्त होती असंही मी म्हणत नाही.

होडीचा वाद मात्र पोथीनं मिटला नाही की पौलानंही. दुसऱ्या दिवशी सकाळी काका दोघांना घेऊन जेट्टीकडे गेलेच. तिथे पोलीस उभे होते, एकही होडी सोडत नव्हते. होडीवाल्याचा पत्ता नव्हता. सांगताना ही पायरी लोक गाळतात, पोथीवाचनानं सगळ्यांचं मन पालटलं म्हणून सांगतात. ते ऐकायला बरं वाटतं, पण खरं नाही.

मावशींचं इन्सुलिन

या चार दिवसांतली खरी जोखीम होडीत नव्हती, मावशींच्या पिशवीत होती. इन्सुलिन त्यांनी मोजून आणलं होतं, परतीच्या तारखेपुरतं आणि वर एखाद्या दिवसाचं. ६ तारखेलाच त्यांना कळलं की ते पुरणार नाही. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. डोस निम्मा केला आणि जेवण कमी केलं.

का सांगितलं नाही, हे मी त्यांना नंतर विचारलं. म्हणाल्या, "सगळे म्हणत होते माउली सांभाळते. मी बोलले असते तर माझाच विश्वास नाही असं झालं असतं." शिवाय बाळवर आणखी भार नको, हेही होतंच. बायका हे दुसरं कारण आधी सांगतात, पण त्यांनी पहिलं आधी सांगितलं, म्हणून मी ते जास्त मोलाचं धरतो.

एका समूहात 'देव सांभाळतो' हे वाक्य इतकं मोठ्यानं म्हटलं जातं की ज्याला खरंच सांभाळायची गरज आहे तो गप्प बसतो. हा दोष मावशींचा नाही, आणि श्रद्धेचा तर नाहीच. अडचण सांगणं म्हणजे अविश्वास, ही समजूत आपल्या परंपरेत बसतच नाही. जनाबाई विठ्ठलाला थेट शिव्या देते. नामदेव त्याच्याशी भांडतो. गाथा बुडाल्यावर तुकोबा इंद्रायणीच्या काठी तेरा दिवस अन्नपाणी सोडून बसले. देवाजवळ गाऱ्हाणं मोकळेपणानं मांडायचं आणि शेजारच्या पलंगावरच्या बाईजवळ मात्र नाही, हे कुठून आलं आपल्यात?

मावशींचं लक्षात आलं ते हरिपाठामुळे, पण ज्या अर्थानं मंडळ सांगतं त्या अर्थानं नाही. अडकल्यापासून मंडळानं एक नेम धरला होता. लॉजच्या पडवीत रोज सहाला हरिपाठ, मग बाळ त्या दिवशीची बातमी सांगणार, मग प्रसाद. सगळे सतरा जण एका जागी असण्याची दिवसातली ती एकच वेळ. ७ च्या संध्याकाळी मावशी टाळाचा ठेका चुकवू लागल्या. वहिनी शेजारीच बसल्या होत्या. त्यांना मावशींचं बोलणं अडखळल्यासारखं वाटलं, ओठ कोरडे दिसले. उठवून आत नेलं आणि खोदून विचारलं. बाळ पावसात धावत आरोग्य केंद्रात गेला, रात्रीच सोय झाली. डॉक्टरांनी वहिनींसमोर मावशींना जे सुनावलं ते इथे लिहीत नाही.

प्रार्थनेनं काय साधलं, असं मला विचारतात तेव्हा मी हे सांगतो. समुद्र शांत झाला तो त्याच्या वेळेनं. पण रोज ठरल्या वेळी सतरा माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसली, म्हणून एकीचं तोंड सुकलेलं दिसलं. ज्या संध्याकाळी काका आणि वहिनी एकमेकांशी बोलत नव्हते, त्याच संध्याकाळी दोघांनी एका सुरात हरिपाठ म्हटला, कारण चाल मोडता येत नाही. नेम होता, म्हणून 'आता काय करायचं' हा प्रश्न दिवसभर चघळला गेला नाही. जवळच्याच एका लॉजमधल्या दुसऱ्या टोळीत त्याच दिवसांत हमरीतुमरीवर आलं होतं. त्यांच्यात देव कमी होता की नेम, मला ठाऊक नाही.

नागपूरची बाजू

इकडे नागपुरात जे चाललं होतं ते बेटापेक्षा वाईट. टीव्हीवर 'पर्यटक अडकले' आणि पुढे काही नाही. हिवाळी अधिवेशनासाठी सगळं सरकार शहरात, तेव्हा कुणाचा भाचा मंत्री उतरतात त्या रवी भवनाच्या चकरा मारतोय, कुणी टेकडी गणपतीला साकडं घालून बसलंय. मावशींच्या मुलीनं एकवीस नारळांचा नवस बोलला. व्हॉट्सॲपवर बोट उलटल्याची एक खोटी बातमी रात्रभर फिरली. गंमत अशी की सतरा जणांची पूर्ण यादी, त्यांची औषधं, लॉजचं नाव यांतलं काहीही नागपुरात कुणाकडेच लिहिलेलं नव्हतं. सगळं बाळच्या फोनमध्ये, आणि बाळ बेटावर.

९ तारखेला नौदलाच्या जहाजावर जागा मिळाली. जहाज भयंकर हलत होतं, बहुतेकांनी ओकाऱ्या काढल्या. काकांनी एका तरुण नौसैनिकाचा हात धरला होता तो पोर्ट ब्लेअरपर्यंत सोडला नाही. चेन्नईची तिकिटं मिळेनात, मिळाली ती कोलकात्याची. तिथून गीतांजलीनं नागपूर. साखरपुडा ११ ला मुहूर्तावर पार पडला. काका तेव्हा गाडीतच होते.

१२ ला वरदा चेन्नईवर आदळलं. विमानतळ बंद, झाडं पडली, माणसं गेली. मंडळात लगेच अर्थ लागला: चेन्नईची तिकिटं मिळाली नाहीत ती यासाठीच, महाराजांनी कोलकात्याच्या वाटेनं आणलं. मला हा अर्थ मान्य नाही, आणि तो का नाही हे मी बैठकीत सांगतो तेव्हा वातावरण तापतं. आपल्याला चेन्नईच्या वाटेनं न आणणारा देव चेन्नईतल्या झाडाखाली सापडलेल्या माणसाचा कोण होता, याचं उत्तर या अर्थात नाही. मूळ तिकिटांनी सगळं सुरळीत झालं असतं, तर हे लोक ८ लाच चेन्नई सोडून गेले असते, हा हिशोबही कुणी करत नाही.

काका या अर्थात सामील झाले नाहीत. मला त्यांच्याबद्दल आदर वाटायला लागला तो इथून. ते म्हणाले, "मले नातीच्या साखरपुड्याले पोचवलं नाही त्यानं. बस." पुढचे काही महिने त्यांनी पारायण केलं नाही, शेगावलाही गेले नाहीत. घरच्यांना वाटलं श्रद्धा उडाली. वहिनींना तसं वाटलं नाही. त्या म्हणाल्या, रुसलेत, आणि रुसायला आपलंच माणूस लागतं. रामनवमीनंतर एके दिवशी त्यांनी लाल कापड सोडलं आणि पहिल्या अध्यायापासून वाचायला बसले. का, ते कुणाला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

लॉजवाल्याचे पैसे सगळ्यात आधी काकांनी पाठवले, व्याजासकट. त्यानं व्याज परत केलं.

पुढच्या वर्षी मंडळ द्वारकेला निघालं. बेट द्वारकेला जायला तेव्हा पूल नव्हता, ओख्याहून बोटच होती. सहलीच्या पत्रकात 'बोट रद्द झाल्यास' असा एक मजकूर घालावा, असं मी सुचवलं. काकांनी ठाम विरोध केला: निघायच्या आधी असं अभद्र छापायचं नाही. वहिनी म्हणाल्या, छापायचंच. अर्धा तास वाद झाला. शेवटी पत्रकात 'देवाच्या इच्छेनं मुक्काम वाढल्यास' असं शीर्षक आलं आणि त्याखाली एक मोकळा दिवस, घरी ठेवायची यादी, रोकड किती जवळ ठेवायची ते. औषधांची ओळ सगळ्यात वर आहे, ती काकांनी स्वतः घातली: दुप्पट आणा, आणि कमी पडली तर हरिपाठाच्या वेळी सगळ्यांसमोर सांगा.